पचमढीची एक शाळा

सातपुड्यांतील पचमढीस आपल्याकडील माणसें फार दिवसांपासून जात आलीं आहेत. विदर्भांतील शेतकरी महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या पायऱ्या चढतो. नागपंचमीच्या सुमारास भर पावसांत नागद्वारीच्या निसरड्या वाटा तुडवितो. मध्यप्रांत-वऱ्हाडचें सरकार नागपुरास होतें त्या काळीं उन्हाळा कडक झाला कीं तें आपल्या दप्तरांसह येथें येऊन बसे, आणि त्या दप्तरांमागून आलेल्या कारकून-मंडळींत मराठी नांवांची वाण नसे. इंग्रजी पुस्तकांतून मात्र या स्थळाचा 'शोध' कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यानें इ. स. १८६२ मध्यें लावल्याचें वाचावयास मिळतें. कोरकू व गोंड लोक ज्या जागीं पिढ्यान्‌पिढ्या रहात होते त्या जागेचा शोध लावावयाचा म्हणजे काय करावयाचें, हें तो कॅप्टनच जाणे! पण माणूस डोळस होता खरा; मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलुखावरील त्याचें पुस्तक (१८७१) आजहि गोडीनें वाचवतें.

इटारसी-जबलपूर मार्गावरील पिपरिया स्टेशनावर उतरलें म्हणजे पुढें सुमारें पन्नास किलोमीटरांचा रस्ता आहे. खालीं सागाचें रान, मध्यें देनवा नदीचें खोरें आणि वर गेल्यावर सालवृक्षांची दाटी. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या आसपास भरते. पांडवांचीं म्हणविलीं जाणारीं लेणीं, जटाशंकर, हांडी खोह, धूपगडावरील सूर्यास्त हें सर्व आम्हींहि पाहिलें; परंतु त्यांचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत, तीं पुन्हां देत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें तेथें येणाऱ्या निराळ्याच पाहुण्यांविषयीं.

हे पाहुणे यात्रेकरू नव्हेत, आणि हवा खाण्यास आलेले तर मुळींच नव्हेत. सकाळच्या धुक्यांत चाळिशी-पन्नाशीचे पुरुष आणि बाया गणवेश चढवून, गळ्यांत स्कार्फ बांधून, बांबूंची मोळी दोघांच्या खांद्यावर तोलीत चाललेल्या दिसतात. कोणी दोरीच्या गांठी पुटपुटत असतो, कोणी हातभर काठीनें झाडाची उंची अजमावीत असतो. भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेचें राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र इ. स. १९५६ पासून पचमढीस आहे. मुलांना बालवीर आणि मुलींना वीरबाला हीं सुंदर नांवें मराठींत केव्हांच रुळलीं. पण बालवीरांना रानांत नेणारा जो मोठा माणूस, त्याला रानांत कोणी नेलें, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. तो प्रश्न विचारणारी ही शाळा आहे. एका परिचित शिक्षकांच्या ओळखीनें आम्हांस तेथील एका वर्गाचे तीन दिवस जवळून पाहतां आले.

या शाळेची मूळ पीठिका इंग्लंडांतील आहे, ती थोडी सांगितली पाहिजे. बेडन-पॉवेल यानें १९०७ च्या ऑगस्टांत ब्राउन्सी बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें आणि पुढच्या वर्षीं आपलें पुस्तक छापलें. पुस्तक मुलांच्या हातीं पडतांच त्यांनीं मोठ्या माणसांची वाट न पाहतां आपापले संघ जमविण्यास आरंभ केला. म्हणजे मुलें आधीं झालीं, शिक्षक मागाहून शोधावे लागले! सांपडले ते शिक्षक कोणत्या योग्यतेचे? कोणी पाद्री, कोणी फौजेंतून निवृत्त झालेला, कोणी नुसताच उत्साही तरुण. १९१२ च्या ऑगस्टांत लंडनच्या गरीब वस्तींतील बालवीर टेम्सच्या मुखाकडे शिबिरास निघाले असतां शेपी बेटानजीक वाऱ्याच्या झोतानें होडी उलटली आणि नऊ मुलगे बुडाले. दोष कोणाचा होता, किंवा होता कीं नव्हता, हा वाद बाजूस ठेवूं. उत्साह आणि सद्‌हेतु यांनीं पाणी थांबत नाहीं एवढें मात्र त्या दिवशीं सर्वांस दिसलें. पाठोपाठ महायुद्ध आलें आणि हाताशीं असलेल्या शिक्षकांपैकीं कित्येक त्यांत खपले.

युद्ध संपतांच मॅक्लारेन नांवाचे एक स्कॉटिश गृहस्थ पुढें आले. लंडनच्या पूर्व भागांतील गरीब मुलांना तंबू ठोकण्यास जागा नाहीं हें त्यांच्या मनास लागलें होतें. त्यांनीं सात हजार पौंड देऊन शहराच्या सीमेवर, एपिंगच्या अरण्याला लागून असलेली गिलवेल नांवाची पडकी इस्टेट विकत घेऊन दिली. (या इस्टेटीचा एक जुना मालक सरकारी खजिन्यांतील अधिकारी होता, सुमारें ऐंशी हजार पौंडांची अफरातफर उघडकीस येऊन १८१२ मध्यें त्याची नोकरी गेली. पैसा खाण्याची कला एकट्या आमच्याच देशांत वाढलेली नाहीं, हें वाचून थोडा दिलासा वाटला.) मॅक्लारेन यांना मुलांसाठीं जागा हवी होती; बेडन-पॉवेलनें त्याच जागेंत शिक्षकांची शाळाहि घातली. १९१९ च्या सप्टेंबरांत कॅप्टन गिडनी याच्या हाताखालीं पहिला वर्ग भरला. त्या वर्गाची तऱ्हा अशी कीं, व्याख्यानें बेतानें द्यावयाचीं, आणि बाकी वेळ शिक्षकांनीं स्वतःच मुलांसारखें संघ करून रहावयाचें. आपलें अन्न शिजवावयाचें, आपल्यांतल्याच एकाच्या आज्ञेंत वागावयाचें. वर्गाचा आरंभ कुडू नांवाच्या आफ्रिकी हरणाचें शिंग फुंकून होई. तें शिंग बेडन-पॉवेलनें १८९६ च्या माटाबेले मोहिमेंतून आणलेलें होतें. उत्तीर्ण झालेल्यांस चामड्याच्या वादींत ओंवलेले दोन लांकडी मणी मिळत; ते मणी दिनुझुलू या झुलू राजाच्या माळेंतले.

तें शिंग आणि ती माळ हीं दोन्ही साम्राज्याच्या लढायांतून आलेलीं. मुलांच्या सेवेचें व्रत घेणाऱ्यानें जिंकलेल्या राजाचे मणी गळ्यांत घालावे, यांत कांहीं विसंगति आहे ती आमच्यानें नजरेआड करवत नाहीं. आणि हिंदुस्थानांत तर या चळवळीचा आरंभच पंक्तिप्रपंचानें झाला. १९०९ मध्यें बंगळूरास पहिलें पथक निघालें तें युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांचें. एतद्देशीय मुलांना दार बंद. तेव्हां ॲनी बेझंट बाईंनीं मद्रासेकडे आणि पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनीं प्रयागास आपलीं निराळीं पथकें उभारलीं. कुंझरू हे गोखल्यांच्या भारतसेवक समाजाचे सभासद, पुढें दीर्घकाल त्याचे अध्यक्ष. पुण्याच्या वाचकांना त्यांची अधिक ओळख करून देण्याची जरुरी नाहीं. अनेक संस्था, अनेक गणवेश असा हा संसार ७ नोव्हेंबर १९५० रोजीं एक झाला, वीरबालांची संस्था १५ ऑगस्ट १९५१ रोजीं त्यांत मिळाली, आणि मग पांचसहा वर्षांनीं पचमढीची ही शाळा उभी राहिली. येथील पदकाला 'हिमालय वुड बॅज' म्हणतात. मणी अर्थात् आतां झुलू राजाचे नाहींत. साधे लांकडाचे आहेत.

आतां आम्हीं काय पाहिलें तें सांगतों.

आश्विनाचे दिवस होते. पाऊस जातां जातां आदल्या रात्रीं एक सर टाकून गेला होता. आठ जणांच्या एका संघांत महाराष्ट्रांतील एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. वय चोपन्न, शाळेंत ज्यांच्या पावलांच्या आवाजानें वर्ग गप्प होतात अशांपैकीं. त्या दिवशीं संघनायक होण्याची पाळी रेल्वेंत नोकरी करणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या मुलीची होती. (रेल्वेचीं स्वतःचीं बालवीर पथकें आहेत, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.) सायंकाळची खिचडी चुलीवर शिजवावयाची, काडेपेटी एकच, आणि सरपण जागेवर मिळेल तें. मुख्याध्यापकांनीं सात-आठ काड्या जाळल्या. लांकूड ओलें, नुसता धूर.

"ताई, दुसरी काडेपेटी मागून घेऊं या का?" त्यांनीं विचारलें.

"नाहीं सर, एकच मिळायची असें ठरलें आहे. आपण आधीं पाणी घेऊन या. चुलीचें आम्ही बघतों."

मुख्याध्यापक क्षणभर उभे राहिले. इतक्या वर्षांत "पाणी घेऊन या" हें वाक्य त्यांनीं उच्चारलें असेल, ऐकलें नसेल. मग कळशी उचलून ते निघाले. इकडे मेळघाटांतून आलेले एक प्राथमिक शिक्षक, जे दोन दिवस कोणाशीं फारसें बोललेच नव्हते, ते खालीं बसले. त्यांनीं कोयत्यानें एक जाड ओंडकें उभें चिरलें, आंतल्या कोरड्या गाभ्याच्या पातळ ढलप्या काढल्या, त्यांची लहानशी झोपडी रचली आणि दुसऱ्या काडीला जाळ धरला. ओल्या लांकडाचें पोट कोरडें असतें ही विद्या त्यांना त्यांच्याच शाळेंतल्या कोरकू मुलांनीं शिकविली होती, असें मागाहून कळलें.

हें सर्व चाललें असतां एक वृद्ध प्रशिक्षक वीस पावलांवर हात मागें बांधून उभे होते. चार मणी गळ्यांत, म्हणजे या विद्येंतले वरच्या पायरीचे. आम्हीं त्यांना विचारलें, "त्यांचा धूर पाहून आपल्याला दोन शब्द सांगावेसे वाटले नाहींत?"

"फार वाटले," ते म्हणाले. "पण मी आज सांगितलें तर हे लोक घरीं जाऊन मुलांना सांगत बसतील. मुलांनीं करायचें तें राहूनच जाईल."

खिचडी नऊ वाजतां तयार झाली व थोडी करपली होती. मुख्याध्यापकांनीं दोनदां मागून घेतली.

दुसऱ्या दिवशीं अप्सरा-विहाराच्या डोहाकडे जाणें झालें, आणि तेथें याच प्रशिक्षकांचें दुसरें रूप दिसलें. काल ज्यांनीं धुरांत कोंडलेल्या माणसांना एक अक्षर सांगितलें नव्हतें, त्यांनीं आज कोणालाहि पाण्याला पाय लावूं दिला नाहीं. आधीं तळ चांचपावयाचा. दोरी बांधून हद्द घालावयाची. चांगलें पोहणारे दोघे किनाऱ्यावर कोरडेच उभे करावयाचे, त्यांनीं त्या वेळीं पाण्यांत उतरावयाचेंच नाहीं. उरलेल्यांच्या जोड्या लावावयाच्या आणि शिटी होतांच प्रत्येकानें आपल्या जोडीदाराचा हात वर धरावयाचा. जोडी अपुरी दिसली कीं सर्व बाहेर. एका तरुण शिक्षकानें हंसत म्हटलें, "सर, पाणी कमरेइतकेंच तर आहे." वृद्ध गृहस्थ मोठ्यानें ओरडले, इतके मोठ्यानें कीं दरींत आवाज घुमला. तो शिक्षक बाहेर येऊन मुकाट्यानें बसला. सायंकाळीं त्यांनीं त्याला जवळ बोलावून चहा दिला, पण ओरडण्याबद्दल दिलगिरी दाखविली नाहीं, व आमच्या मतें दाखविण्याचें कारणहि नव्हतें.

मुलांच्या नायकाला शिकावयाचें असतें तें हेंच, आणि आम्हांला वाटतें कीं तें गांठी मारण्यापेक्षां शतपट कठीण आहे. करपलेली खिचडी, चुकलेली वाट, भिजलेलें अंथरूण यांत मूल वाढतें; तेथें हात मागें बांधून उभें राहतां आलें पाहिजे. डोह, कडा, वीज, साप यांच्यापाशीं मुलाची हौस, वडीलधाऱ्यांची भीड, आपली लोकप्रियता कशाचीहि पर्वा न करतां 'नाहीं' म्हणतां आलें पाहिजे. आपल्या शाळांतून बहुधा याच्या उलट चालतें. तंबूची दोरी कोणत्या खुंटीला बांधावी हें शिक्षक ओरडून सांगतात, आणि समुद्र दिसला म्हणजे "जा रे, जरा खेळून या" म्हणून स्वतः सावलींत बसतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याहून मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस गेलेले चौदा विद्यार्थी समुद्रांत बुडाले. ज्या घरांतून तीं मुलें सकाळीं डबा घेऊन निघालीं असतील, त्या घरांचा विचार मनांत आला म्हणजे पुढें लिहिण्यास हात धजत नाहीं.

या वर्गांत स्त्रियाहि होत्या, आणि त्यांच्याविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. आपल्या घरांतून मुलींना शिबिरास पाठवावयाचें म्हणजे पहिला प्रश्न "बरोबर कोण आहे?" हा असतो. प्रश्न योग्यच आहे. पण बरोबर जाणाऱ्या बाईंची तयारी कोणी करून घेतली काय? एका तालुक्याच्या गांवच्या शिक्षिका आम्हांस म्हणाल्या, "सासूबाईंनीं आठ दिवस मुलांना संभाळायचें कबूल केलें म्हणून मला येतां आलें. काल रात्रीं होकायंत्र घेऊन चाललों. बावीस वर्षें नोकरी केली, पण रात्रीं दिवा हातांत नसतांना गांवाबाहेर पाऊल टाकण्याची ही पहिलीच वेळ. पहिला अर्धा तास भीति वाटली. मग डोळ्यांना दिसूं लागलें." वीरबालांच्या जागतिक संघाचें 'संगम' हें केंद्र १९६६ पासून पुण्यास येरवड्याच्या बाजूला आहे, देशोदेशींच्या स्त्रिया तेथें येऊन नेतृत्वाचे वर्ग करतात. पुण्यांतल्याच किती घरांना तें ठाऊक आहे याची आम्हांस शंका आहे. आम्हीं चार ठिकाणीं विचारून पाहिलें. तिघांनीं संगम पुलाचा पत्ता सांगितला.

सर्वच चित्र गोड आहे असें मात्र नाहीं. स्वयंसेवक म्हणून आलेल्यांपैकीं किती जण स्वयें आले होते हा प्रश्नच आहे. "वरून पत्र आलें, शाळेंतून एक नांव द्यायचें होतें, मी नवीन म्हणून माझें दिलें," असें आम्हांस दोघांनीं तरी सांगितलें. प्रमाणपत्र नोंदपुस्तकांत जाईल, गणवेश कपाटांत जाईल आणि प्रजासत्ताक दिनीं पुन्हां बाहेर निघेल. शिवाय या विद्येला एका वर्गानें पुरें होत नाहीं. प्राथमिक वर्ग, मग परत जाऊन आपल्या पथकाबरोबर प्रत्यक्ष काम. मग प्रगत वर्ग, पुन्हां काम. आणि त्यानंतर हिमालय पदकाचा वर्ग. ही मधली कामाची वर्षें कोणी पाहत नाहीं, आणि खरें शिक्षण तेथेंच व्हावयाचें असतें. ज्या शाळेंत शनिवारची अर्धी सुट्टीहि जादा तासांना जाते, तेथें त्या बिचाऱ्या शिक्षकानें पथक न्यावें कोठें? पालकहि या दोषांतून सुटत नाहींत. सहलीच्या संमतिपत्रावर सही करतांना आपण गाडी कोणती, जेवण कसलें, वर्गणी किती हें विचारतों. किती मुलांमागें किती मोठीं माणसें आहेत, त्यांतलें कोण काय शिकलेलें आहे, हें विचारलें तर शाळेला अपमान वाटेल अशी आपल्याला उगाच भीड पडते.

जुन्या पिढींतील आमचे एक आप्त या सगळ्यावर हंसतात. "आम्ही सिंहगडावर अनवाणी गेलों, विहिरींत ढकलून पोहायला शिकलों, आम्हांला कोणत्या प्रशिक्षकानें मणी घातले होते?" असा त्यांचा सवाल असतो. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु त्या विहिरीच्या कांठावर तेव्हां थोरला भाऊ, शेजारचे काका, मोटेवरचा गडी अशीं पांच-सात पोहणारीं माणसें नेहमीं उभीं असत. त्यांना कोणी प्रशिक्षक म्हटलें नाहीं इतकेंच. आज वाड्यांचे फ्लॅट झाले, विहिरी बुजल्या, काका परदेशीं गेले. मुलाबरोबर रानांत जावयाला कोण उरलें तर बहुधा एक शिक्षक आणि पन्नास मुलें.

मुख्याध्यापकांची व आमची भेट पुन्हां झाली ती परतीच्या प्रवासांत, पिपरियाच्या फलाटावर. गाडीला उशीर होता. मणी अजून मिळावयाचे होते. आधीं परत जाऊन पथक चालवावयाचें, मग तपासणी, मग पुढचें. त्यांच्या मांडीवर एक वही होती आणि ते कांहीं नांवें लिहीत व खोडीत होते. डिसेंबरांत त्यांच्या शाळेची सहल कोंकणांत किनाऱ्यावर जावयाची होती. दीडशें मुलें आणि सहा शिक्षक. त्यांपैकीं पोहतां कोणाला येतें याची ते आठवण करून यादी करीत होते, आणि खात्री करण्यासाठीं मधून मधून फोन लावीत होते.

"झाली का यादी?" आम्हीं विचारलें.

त्यांनीं वही आमच्यापुढें केली. पोहतां येणारें एकच नांव राहिलें होतें, आणि ते गृहस्थ नोव्हेंबरअखेर निवृत्त व्हावयाचे होते. मुख्याध्यापकांनीं पुन्हां फोन लावला आणि गाडी येईपर्यंत ते शाळेच्या कारकुनाला सहलीचें ठिकाण बदलण्याविषयीं सांगत होते.